एका रांगेतले अनेक वारसे

प्रस्तावना

१

२००५ सालच्या डिसेंबरात भारताने कुष्ठरोगाच्या बाबतीत एक रेषा ओलांडली. दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, ही जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली रेषा. देशाची सरासरी तिच्याखाली गेली आणि त्याचा गाजावाजाही झाला. पण सरासरी खाली गेली तरी काही प्रदेश वरच राहिले आणि त्यांत दादरा व नगर हवेलीचे नाव पुढेही येत राहिले. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरचा हा मुलूख, सिल्वासा हे त्याचे मुख्य ठाणे. कुष्ठरुग्णाच्या घरच्या आणि शेजारच्या निरोगी माणसांना रिफाम्पिसिनचा एकच डोस द्यायचा आणि रोगाची साखळी तोडायची, हा उपाय नेहमीच्या सरकारी यंत्रणेतून राबवता येतो का, हे २०१५ पासून काही देशांत करून पाहण्यात आले. भारतातून त्यासाठी निवडला गेला तो हाच प्रदेश. ब्राझील, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका आणि टांझानिया हे या कामातले इतर देश. त्याआधी बांगलादेशात झालेल्या मोठ्या चाचणीत या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांत संपर्कातल्या लोकांमधील नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले होते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला.

संपर्कातल्या माणसांची यादी करताना आरोग्यसेविकेला एक गोष्ट पाड्यापाड्यावर दिसते. एका झोपडीत आठ माणसे राहतात, एकाच चुलीभोवती जेवतात, पावसाळ्याचे चार महिने एकाच छपराखाली काढतात. त्यांतल्या एकाच्या श्वासातून जंतू वर्षानुवर्षे बाहेर पडत असतात. तरीही बाकीच्या सातांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. कुष्ठरोगाचा जंतू गेरहार्ड हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ साली शोधला. तेव्हापासूनच्या अभ्यासाने एवढे नक्की झाले आहे की शंभरातली पंचाण्णवच्या आसपास माणसे या जंतूला मुळातच दाद देत नाहीत. ज्यांना रोग होतो त्यांच्यातही तो एकसारखा होत नाही. एखाद्याच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा उठतो आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात आणि त्वचेच्या कणाकणात जंतू भरलेले असतात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या रूपांची जी पायरीवार मांडणी केली, ती जंतूच्या प्रकारांवर आधारलेली नव्हती. जंतू सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. पायऱ्या आहेत त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या.

माणसामाणसांतला हा फरक येतो कुठून? खाणेपिणे, वय, घरातली दाटी, आधी टोचलेली बीसीजी, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण एक वाटा आईबापांकडून येतो. प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या जनुकांची वेगवेगळी रूपे वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात आणि त्यांतली काही ठरावीक आजारांशी जोडलेली असतात. हा या पुस्तकाचा विषय. तो समजून घ्यायला सिल्वासा ही जागा का सोयीची, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

२

आधी यंत्रणा थोडक्यात पाहू. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर आणून मांडत असते. आठवडी बाजारात विक्रेता गोणीतला मूठभर माल पाटावर ओतून ठेवतो, गिऱ्हाईक नजर टाकत पुढे सरकते आणि काही वेगळे दिसले तरच थांबते, तसा हा प्रकार. रक्तातल्या टी-पेशी अशाच फिरत असतात. मांडलेला तुकडा आपल्याच शरीराचा असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा किंवा जंतूचा असेल तर तिथेच थांबून हल्ला सुरू करतात. ज्या प्रथिनांवर हे तुकडे मांडले जातात, ती तयार करणाऱ्या जनुकांच्या गटाला एचएलए म्हणतात. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर ही जनुके एकमेकांना लागून बसलेली आहेत. ए, बी आणि सी ही पहिल्या वर्गातली. ती पेशीच्या आतला माल दाखवतात. डीआर, डीक्यू आणि डीपी ही दुसऱ्या वर्गातली. बाहेरून गिळलेल्या जंतूंचे तुकडे दाखवण्याचे काम त्यांचे.

१९५८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी यांतली पहिली खूण ओळखली. अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात इतर माणसांच्या पांढऱ्या पेशींना गोळा करणारी द्रव्ये तयार होतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९८० चे नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळाले. ही जनुके केवळ अवयवरोपणात अडथळा आणण्यासाठी शरीरात नसणार, हे उघड होते. पण त्यांचे खरे काम काय, हे १९७४ मध्ये कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागल यांनी दाखवले. टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, ती आपल्या खुणेवर मांडलेला विषाणूचा तुकडा ओळखते. या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या सगळ्या जनुकांत सर्वाधिक विविधता याच गटात आहे. आजवर त्यांची सुमारे ४० हजार रूपे नोंदली गेली आहेत. प्रत्येक रूपाची तुकडा धरून ठेवण्याची खोबण थोडी निराळी, म्हणून एका माणसाची यंत्रणा ज्या जंतूचा तुकडा नीट दाखवते, तो दुसऱ्याच्या यंत्रणेतून निसटू शकतो. एकच रूप सगळ्यांत असते तर त्याला चुकवणारा एखादा जंतू गावेच्या गावे उठवून गेला असता. विविधता हा समाजाचा बचाव आहे, एकेकट्या माणसाचा नव्हे. प्रत्येकाला एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक असते. सिकल सेल किंवा थॅलेसेमियाच्या मुलासाठी अस्थिमज्जेचा दाता शोधणाऱ्या कुटुंबाला हे गणित अगदी पहिल्या भेटीत ऐकावे लागते.

३

हा विषय पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून आपल्याकडे आलेली नवलाई आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. त्याचा एक पाया मुंबईत परळला घातला गेला आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे, डॉ. चं. का. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका अनोळखी रक्तगटाची नोंद केली. ज्यांच्या तांबड्या पेशींवर ‘ओ’ गटातही सापडणारी मूळची खूणच नाही, अशी ही माणसे. त्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही. जगाने त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव दिले. मुंबईत दहा हजारांत एखाद्यात सापडणारे हे रूप युरोपात जवळजवळ नाहीच. लोकसमूहानुसार जनुकांची रूपे कमीजास्त होतात आणि त्याची किंमत ऐन शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजावी लागते, हा धडा मुंबईतल्या डॉक्टरांनी तेव्हाच घेतला. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र उभे राहिले. आज तेच केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणून काम करते. पश्चिम भारतातल्या जातिजमातींतल्या सिकल सेलची, जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेची आणि एचएलए रूपांची पुष्कळशी माहिती या संस्थेच्या कामातून आलेली आहे.

त्याही आधी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी दोन वेगळ्या वाटांनी या विषयाला हात घातला होता. विकृतिशास्त्रज्ञ म्हणून ते कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत कसा शिरतो, हे पाहत होते. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या आपसातच लग्ने करणाऱ्या सहा समूहांतील सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद प्रसिद्ध केली. रोग आणि सोयरीक ही दोन्ही टोके एकाच माणसाच्या टेबलावर होती. पुढे ती दुरावली, रोग वैद्यकाकडे गेला आणि सोयरीक मानवशास्त्राकडे.

त्या दुसऱ्या वाटेवर इरावती कर्वे भेटतात. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध लिहिला. तथाकथित वंशांच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा पुरावा कवटीत सापडेल, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा होती. कर्व्यांच्या मोजमापात असा कोणताही संबंध दिसला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले. नंतर डेक्कन कॉलेजात असताना, १९६८ मध्ये, त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. समाजाच्या उतरंडीत एकाच पायरीवर मानलेल्या या गटांत मोजता येण्याजोगे फरक निघाले. जैविकदृष्ट्या अर्थ असतो तो लग्नाच्या वर्तुळाला. वर्ण, धर्म, प्रांत ही मोठी नावे त्या मानाने पोकळ ठरतात. या पुस्तकातला प्रत्येक तक्ता वाचताना कर्व्यांचे हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवावेत. फरक खरे असतात, आणि त्यांतून कोणाचीही प्रतवारी निघत नाही.

४

कर्व्यांनी मोजपट्टीने जे पाहिले, ते आता डीएनएच्या वाचनातून अधिक बारकाईने दिसू लागले आहे. भारतातल्या बहुतेक समूहांत दोन प्राचीन लोकधारांचे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर ते थांबत गेले, असे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले आणि हार्वर्डमधले संशोधक २०१३ मध्ये सांगू लागले. म्हणजे आपसातच लग्न करण्याची रीत घट्ट होऊन दोनेक हजार वर्षे झाली. २०१७ मध्ये याच मंडळींनी दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांच्या मागे इतके थोडे पूर्वज निघाले की फिनलंडचे लोक आणि अश्कनाझी ज्यू ही या बाबतीत जगभर दिली जाणारी उदाहरणेही मागे पडली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समूहात एखादे दुर्मीळ रूप, केवळ त्या पूर्वजांपैकी एकात होते म्हणून, नेहमीचे होऊन बसते. त्यात ना पुण्य असते, ना पाप.

समूहासमूहांतल्या फरकांचे दुसरे कारण रोगांचा इतिहास. ज्या मुलखात एखादा रोग पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारतो, तिथे त्याला अडवणारे रूप वाढत जाते, मग त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली तरी. सिकल सेल हे याचे सर्वपरिचित उदाहरण. आईबापांपैकी एकाकडूनच हे रूप आले तर जीवघेण्या हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. दोघांकडून आले तर आयुष्यभराचा आजार. सिल्वासाजवळच्या दमणगंगेच्या खोऱ्यातली आणि तिच्या दोन्ही अंगांची जंगलपट्टी हिवतापाची, आणि सिकल सेलचा पट्टाही जवळजवळ तोच. वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांनी या भागात सिकल सेलच्या तपासणीचे काम गावपातळीवर नेले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या या अभियानात आदिवासी पट्ट्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी अपेक्षित आहे. सिकल सेलचे जनुक हिमोग्लोबिनचे, एचएलएचे नव्हे. पण रोग, जनुक आणि भूगोल यांची गाठ कशी बसते हे समजायला त्याहून सोपे उदाहरण नाही.

आता सिल्वासाकडे वळू. पोर्तुगिजांच्या ताब्यातून २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव मुक्त झाले. मुक्तिसंग्रामात पुण्यामुंबईचे तरुण होते, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी घरांना ठाऊक आहे. १९६१ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. तिच्यात वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, हळपती या आदिवासी जमातींचाच मोठा भरणा होता. त्यांच्या सोयरिकी तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्याशी आणि पलीकडे कपराडा-धरमपूरशी. नकाशावरची राज्यांची हद्द या लग्नांना कधीच ठाऊक नव्हती. नंतर करसवलतींमुळे कारखाने आले आणि त्यांच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र, गुजरातमधून कामगार आले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,४३,७०९ झाली. आदिवासींचा वाटा २००१ मध्ये ६२ टक्के होता, तो ५२ टक्क्यांवर आला. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण-दीवला जोडला गेला.

परिणामी सिल्वासाच्या विनोबा भावे नागरी रुग्णालयात केसपेपरच्या एका रांगेत उभी असलेली माणसे जनुकांच्या दृष्टीने एकमेकांपासून बरीच लांबची असू शकतात. रांधा-खानवेलकडची वारली बाई, आमळीच्या चाळीत राहणारा गोरखपूरचा कामगार, ओडिशाचा वेल्डर, तीन पिढ्या इथेच असलेला मराठी शिक्षक. ‘भारतीयांमध्ये अमुक टक्के’ असे वाक्य या रांगेला लावून चालत नाही, कारण या चौघांचे टक्के वेगळे असतील. आणि ‘वारलींमध्ये अमुक टक्के’ हे वाक्यही समोरच्या एका वारली बाईबद्दल काहीच निश्चित सांगत नाही.

५

आजारांशी असलेला संबंध कसा वाचायचा, याविषयी इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो.

एचएलए-बी२७ हे रूप पाहा. पाठीचा कणा आखडत नेणाऱ्या अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या आजाराशी त्याचा संबंध १९७३ मध्ये कळला. या आजाराच्या रुग्णांत ते इतक्या मोठ्या प्रमाणावर सापडते की डॉक्टर निदानासाठी त्याची चाचणी सांगतात. पण उलट बाजूने पाहिले तर बी२७ असणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार जन्मात होत नाही. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले म्हणून घाबरलेला तरुण पाठदुखीपेक्षा त्या एका शब्दानेच जास्त खचतो.

दुसरे उदाहरण गव्हाचे. सिलिअॅक या आतड्याच्या आजारासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही रूपे जवळजवळ आवश्यकच असतात. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत लोकांची तपासणी झाली, त्या अभ्यासाचा निकाल २०१६ मध्ये आला. तिन्ही भागांत ही रूपे बाळगणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. आजार मात्र उत्तरेत शंभरात एकाच्या आसपास आणि दक्षिणेत नगण्य. फरक ताटात होता, उत्तरेत रोजची पोळी आणि दक्षिणेत भात. नागली आणि भातावर वाढलेल्या घरात हेच रूप पिढ्यान्‌पिढ्या काहीही त्रास न देता राहू शकते. जनुक शक्यता ठेवते. ती उघडी पडायची की नाही, हे पुष्कळदा जेवण, हवा, जंतू आणि राहणीमान ठरवतात.

तिसरे उदाहरण आपल्या मूळ प्रश्नाचे, कुष्ठरोगाचे. दुसऱ्या वर्गातल्या एचएलए-डीआर रूपांचा, विशेषतः डीआर१५ चा, कुष्ठरोगाशी संबंध भारतातल्या अभ्यासांत वारंवार दिसला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एन. के. मेहरा यांच्या गटाने यावर दीर्घकाळ काम केले. २००९ मध्ये चीनमधल्या रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी झाली. तिच्यात एचएलएशिवाय एनओडी२ सारखी, पेशीच्या आत शिरलेला जंतू ओळखणारी जनुकेही पुढे आली. त्यानंतर दिल्ली आणि कोलकात्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासात टीएलआर१ या जनुकाचे नाव आले. जंतूच्या आवरणाची चाहूल घेणारा हा ग्राहक. त्याच्या एका रूपात ६०२ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदललेले असते आणि तो ग्राहक पेशीच्या पृष्ठभागापर्यंत नीट पोहोचतच नाही. साध्या तर्काने अशा माणसाला कुष्ठरोग जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात हे रूप असलेल्यांत तो कमी आढळतो. जंतू या ग्राहकाचाच उपयोग करून आत घुसत असावा, किंवा या ग्राहकामुळे उठणारी प्रतिक्रिया जंतूच्या पथ्यावर पडत असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. युरोपात हे रूप सर्रास आढळते. भारतात आणि पूर्व आशियात दुर्मीळ. मध्ययुगीन युरोपात मुबलक असलेला कुष्ठरोग तिथून ओसरण्यात याचा काही वाटा असेल का, हा प्रश्न त्यामुळे गंभीरपणे विचारला जातो. ‘चांगले जनुक’ आणि ‘वाईट जनुक’ अशी वाटणी करणाऱ्याला हे उदाहरण गप्प करते.

यांतला प्रत्येक परिणाम एकट्याने पाहिला तर लहान आहे. डीआर१५ असलेल्या हजारो माणसांना कुष्ठरोग होत नाही आणि नसलेल्यांना होतो. जंतूशी दीर्घ सहवास, दाटीची घरे, उशिरा होणारे निदान ही कारणे आजही सर्वांत मोठी आहेत. पाड्यावरच्या कुष्ठरोगाचा दोष पाड्याच्या रक्तावर टाकणारा माणूस विज्ञानाची भाषा बोलत असला, तरी विज्ञान त्याच्या बाजूला नाही.

६

मग या सगळ्या ज्ञानाचा सिल्वासाच्या दवाखान्यात आज उपयोग काय? एक उपयोग अगदी हाताशी आहे आणि तो औषधाच्या पाकिटात आहे.

१९८० च्या दशकापासून कुष्ठरोगावर एकत्रित औषधोपचार दिले जातात. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही त्यातली औषधे. या उपचारांनी कोट्यवधी माणसे बरी झाली, आणि ती बरी होतात याबद्दल शंका नाही. डॅप्सोन प्रौढांना रोज १०० मिलिग्रॅम असते. थोड्या रुग्णांत, शंभरात एक-दोनच्या आसपास, साधारण चार ते सहा आठवड्यांनी ताप येतो, अंगभर पुरळ उठते, गाठी सुजतात, यकृताला इजा होऊन कावीळ दिसते. ही डॅप्सोनची तीव्र अतिसंवेदनशीलता. ती झालेल्यांपैकी दहातला एक दगावतो. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की या प्रतिक्रियेचा संबंध एचएलए-बी*१३:०१ या एका रूपाशी आहे. ते असणाऱ्याला धोका इतरांच्या सुमारे वीसपट. त्यानंतर चीनच्या २१ प्रांतांत सुमारे दीड हजार नव्या रुग्णांची आधी चाचणी करून हे रूप असणाऱ्यांना डॅप्सोन न देण्याचा प्रयोग झाला. २०१९ मध्ये त्याचा निकाल आला: चाचणी करून डॅप्सोन दिलेल्यांपैकी एकालाही ही प्रतिक्रिया झाली नाही.

आता वाटणी पाहा. युरोपीय आणि आफ्रिकी लोकांत हे रूप जवळजवळ नाही. चीनमध्ये २ ते २० टक्के, पापुआ आणि ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत २८ टक्क्यांच्या आसपास, आणि भारतीयांत १ ते १२ टक्के. एक टक्का आणि बारा टक्के यांत बारापट फरक आहे. चाचणी कुठे आधी सुरू करायची, हे या फरकावरच ठरेल. कुष्ठरोगाचे रुग्ण जिथे जास्त, तिथल्या समूहांत हे प्रमाण मोजणे म्हणून सर्वांत निकडीचे.

याच औषधाची गाठ दुसऱ्या एका जनुकाशीही आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांत डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त झपाट्याने कमी होते. हिवतापावरच्या प्रायमाक्विननेही तेच होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत ही कमतरता अधिक दिसते. हिवतापाच्या दीर्घ सहवासाने वाढलेले हेही एक रूप, आणि पश्चिम भारतातल्या आदिवासी समूहांत ते आढळते. म्हणजे हिवतापाशी पूर्वजांनी दिलेल्या झुंजीचा ठसा आज कुष्ठरोगाच्या गोळीच्या परिणामावर उमटतो. ज्याच्या घरात सिकल सेलही आहे आणि जेवणात लोह कमी आहे, त्याला रक्त आणखी उतरणे परवडणारे नाही. सिकल सेलसाठी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतलाच जातो. त्याच थेंबातून आणखी दोन प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळची संस्था काही तासांच्या अंतरावर आहे. काम अवघड असेल, अशक्य नाही.

डॅप्सोन हे एकच उदाहरण नव्हे. फिट्सवर सर्रास दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनने त्वचा सोलून काढणारी जी प्रतिक्रिया होते, तिचा एचएलए-बी*१५:०२ शी संबंध २००४ मध्ये तैवानमध्ये कळला आणि गुजरातेतल्या रुग्णांच्या एका लहान अभ्यासातही तो दिसला. कोविडच्या काळात गंभीर आजाराशी जोडलेला तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा निअँडरथल मानवाकडून आलेला आहे, असे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात निम्म्या माणसांत तो आहे, युरोपात सहातल्या एकात. अस्थिमज्जादात्यांच्या नोंदवह्यांत भारतीय नावे कमी आणि आदिवासी नावे तर त्याहून कमी, त्यामुळे घरात दाता न मिळालेल्या मुलाला बाहेरचा दाता मिळणे दुरापास्त होते. हे सगळे धागे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील.

७

ज्ञान वाढले की त्याचा गैरवापरही वाढतो. आदिवासींचे रक्त घेऊन जाणारे पुष्कळ आले, अहवाल परत आणून देणारे थोडे. सिकल सेलचे कार्ड हातात पडल्यावर मुलीचे लग्न मोडले, असे ज्या भागात घडू शकते, तिथे ‘कुष्ठरोगाचे जनुक’ असा शब्दप्रयोग किती घातक ठरेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून तीन पथ्ये आवश्यक वाटतात. नमुना देणाऱ्याला त्याच्या भाषेत, वारलीत किंवा कोकणा बोलीत, आधी सगळे समजावून सांगितले जावे. समूहाचे तक्ते समूहाच्या सोयीसाठी, म्हणजे चाचण्या आणि औषधे कुठे पोहोचवायची हे ठरवण्यासाठी वापरावेत. माणसावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. आणि माणसाचा निर्णय माणसाच्याच चाचणीवरून व्हावा, त्याच्या आडनावावरून नाही. सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन करणाऱ्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तिचा फायदा रक्त देणाऱ्या पाड्यापर्यंत पोहोचला, तरच या खर्चाचे सार्थक.

हे पुस्तक डॉक्टरांइतकेच शिक्षक, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि विज्ञानात रस असणारे वाचक यांच्यासाठी आहे. एचएलएच्या नावांतले आकडे पाहून बिचकू नये. ते घरक्रमांकासारखे ओळखीपुरते आहेत, पाठ करण्यासाठी नाहीत. घाई असलेल्याने औषधे आणि जनुके हे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. तक्त्यातला टक्का वाचताना मात्र तो कोणत्या समूहाचा, किती माणसांवरून काढलेला, हे दोन प्रश्न दर वेळी विचारावेत.

आणि एक सूचना, जी पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचायला हवी. अंगावर न दुखणारा, न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर तो लपवू नका. उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतले तर हातपाय वाचतात. कुष्ठरोगाची औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू नका. पण पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा किंवा एकाएकी धाप लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि चालू औषधांचे पाकीट डॉक्टरांना दाखवा.